नायट्रेटची दुसरी गोळी रात्री न देता दुपारी तीनलाच का?

कोयनाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रोहिणीत स्टेंट बसवला. दुसऱ्या एका लहान रोहिणीतला अडथळा औषधांवरच सांभाळायचा असे ठरले आणि त्यासाठी इतर गोळ्यांबरोबर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट या नायट्रेट गटातल्या औषधाची २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. चिठ्ठीवर वेळ स्पष्ट लिहिलेली होती: सकाळी ८ आणि दुपारी ३.

दोन महिन्यांपूर्वी एका नातेवाइकांनी आईला समजावले की, दिवसातून दोनदा म्हणजे बारा-बारा तासांनी, आणि दुपारी तीनची वेळ बहुधा घाईत लिहिली गेली असावी. आईलाही ते पटले, कारण दुपारी वडील झोपलेले असतात आणि गोळीसाठी त्यांना उठवणे तिच्या जिवावर येते. तिने दुसरी गोळी रात्रीच्या जेवणानंतर, आठच्या सुमारास द्यायला सुरुवात केली. तीन-चार आठवड्यांत वडिलांना आमचा दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना पुन्हा छातीत जड वाटू लागले. पहिल्या वळणावर कठड्याला धरून ते थांबत आणि 'चप्पल नीट करतो' असे म्हणत. आम्हाला ते कळायला आठवडा गेला.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आधी गोळ्यांच्या वेळा विचारल्या, रात्री आठ हे ऐकून मान हलवली आणि वेळ पूर्ववत करायला सांगितली. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे जाता जाता ते एवढेच म्हणाले, 'रात्री शरीराला नायट्रिक ऑक्साइडपासून सुट्टी लागते.' वेळ बदलल्यावर वडिलांना आठवड्याभरात बरे वाटू लागले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जे औषध रक्तवाहिन्या रुंद करते, त्यापासून रक्तवाहिन्यांना सुट्टी कशासाठी हवी? आणि नायट्रिक ऑक्साइड हा तर गाड्यांच्या धुरातला वायू ना? तो शरीरात काय करतो?

आणखी एक. त्याच नातेवाइकांनी आता 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी' एक पावडर आणून दिली आहे. डब्यावर एल-आर्जिनिन आणि बीटचा अर्क असे लिहिले आहे. गोळीऐवजी हे घ्यावे असे वडिलांच्या मनात आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शरीरक्रिया_शिक्षक यांचे उत्तर

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. आपल्या डॉक्टरांचे वाक्य अचूक आहे, फक्त ते उलगडायला थोडी जागा लागते.

आधी रोहिणीच्या भिंतीकडे पाहू. सर्वांत आत, वाहत्या रक्ताला थेट लागून, पेशींचा एकच थर असतो; त्याला अंतःस्तर म्हणतात. त्याच्या बाहेरून अनैच्छिक स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की वाहिनी अरुंद होते आणि सैलावले की रुंद होते. हा फरक दिसायला किरकोळ असला तरी परिणामाने किरकोळ नसतो, कारण नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. बाकी सर्व तेच ठेवून त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी वाढवली, तर प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच हे स्नायू किती आवळायचे याचा हुकूम कोण देते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

१९८० पर्यंत आतल्या थराकडे अस्तर म्हणूनच पाहिले जात असे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्या द्रावणात टांगून त्यांच्यावर औषधांचा परिणाम मोजत असत. ॲसिटिलकोलीन हे चेतापेशींचे संदेशवाहक द्रव्य जिवंत प्राण्याला टोचले तर रक्तवाहिन्या रुंदावतात, पण त्यांच्या प्रयोगातल्या पट्ट्या त्याच द्रव्याने आवळत होत्या, आणि हे कोडे वर्षानुवर्षे तसेच पडून होते. मग १९७८ मध्ये एकदा पट्टी अचानक सैलावली. शोध घेतल्यावर लक्षात आले की एरवी पट्टी कापताना आतला पृष्ठभाग कुठेतरी घासला जात होता आणि त्यावरच्या पेशी निघून जात होत्या; या वेळी त्या शाबूत राहिल्या होत्या. फर्चगॉट यांनी पुढे जो प्रयोग केला तो मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवतो. अंतःस्तर खरवडून काढलेली एक पट्टी त्यांनी अंतःस्तर शाबूत असलेल्या दुसऱ्या पट्टीला तोंडाशी तोंड लावून ठेवली आणि ॲसिटिलकोलीन घातले. खरवडलेली पट्टीही सैलावली. म्हणजे आतल्या पेशींतून काहीतरी बाहेर पडत होते आणि शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होते.

हे 'काहीतरी' काही सेकंदांतच नाहीसे होई, त्यामुळे ते हाती लागेना. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी, दोघांनीही स्वतंत्रपणे, ते नायट्रिक ऑक्साइड असावे असे मांडले, आणि १९८७ मध्ये लंडनजवळच्या प्रयोगशाळेत साल्व्हाडोर मोंकाडा यांच्या गटाने पेशींतून बाहेर पडणारा हा वायू मोजून दाखवला. आपण म्हणता तो धुरातला वायू हाच. धुरात तो पुढे ऑक्सिजनशी संयोग पावून तपकिरी आणि फुप्फुसाला जाचक असा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो; शरीरात त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की ती वेळ येत नाही. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड मात्र निराळा. परीक्षेत दर वर्षी चार-पाच मुले त्या दोघांची गल्लत करतात.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. रक्त वाहताना अंतःस्तरावर घासते. ते घर्षण वाढले की पेशीतले एक विकर (एन्झाइम) जागे होते आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल व ऑक्सिजन यांपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते. हा रेणू इतका लहान आणि विद्युतभारविरहित असतो की त्याला पेशीबाहेर पडायला दार लागत नाही. तो पटलातून सरळ शेजारच्या स्नायूत शिरतो. तिथे तो ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चालना देतो, त्यातून सायक्लिक जीएमपी हा संदेशवाहक तयार होतो, स्नायूतले मोकळे कॅल्शियम उतरते आणि पकड सुटते. जो नायट्रिक ऑक्साइड उलट दिशेने रक्तात जातो त्याला तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन तत्काळ पकडून निरुपद्रवी नायट्रेट बनवते. मात्र वाटेत तो बिंबाणूंना (प्लेटलेट्सना) भिंतीला चिकटू देत नाही, आणि गुठळी टाळण्याच्या दृष्टीने हे कामही छोटे नाही.

हे सतत चालू असते. १९८९ मध्ये लंडनमध्ये निरोगी माणसांच्या हाताच्या रोहिणीत हे विकर रोखणारे द्रव्य अगदी थोडे सोडले, तेव्हा त्या हाताचा रक्तप्रवाह जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे आपण स्वस्थ बसलेलो असतानाही आपल्या रोहिण्या प्रत्येक क्षणी कोणीतरी मोकळ्या धरून ठेवलेल्या असतात.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. नायट्रेटच्या गोळीतून शरीरात शेवटी हाच वायू, किंवा त्याचे काम करणारे द्रव्य, तयार होते. फरक असा की अंतःस्तर तो गरजेनुसार, गरज असेल त्या जागी, क्षणापुरता बनवतो. गोळी मात्र सर्व वाहिन्यांना तासन्‌तास एकसारखा देत राहते. शरीर अशा अखंड पुरवठ्याला निमूटपणे स्वीकारत नाही. नायट्रेटचे रूपांतर करण्याची क्षमता मंदावते, वाहिनीच्या भिंतीत सुपरऑक्साइडसारखी द्रव्ये वाढून तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड वाटेतच संपवतात, आणि दाब उतरला असे समजून मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. याला औषधाची सवय होणे म्हणतात, आणि नायट्रेटच्या बाबतीत ती एक-दोन दिवसांतही दिसू लागते.

उपाय साधा आहे: दिवसाचा काही भाग रक्तातले औषध खाली उतरू द्यायचे. आपल्या वडिलांच्या औषधाचे रक्तातले प्रमाण साधारण पाच तासांत निम्मे होते. दुपारी तीनची गोळी मध्यरात्रीनंतर बरीच ओसरलेली असते आणि सकाळी आठपर्यंत भिंती पुन्हा पहिल्यासारख्या प्रतिसाद देऊ लागतात. रात्री आठला गोळी दिली की ही ओसरती वेळच उरत नाही. बारा-बारा तासांचा नियम इतर पुष्कळ औषधांना लागू आहे, त्यामुळे आपल्या नातेवाइकांना दोष देता येणार नाही. पण हे औषध त्या नियमात बसत नाही.

जुनी_पाळी यांचे उत्तर

शिक्षक महोदयांनी सवयीबद्दल जे लिहिले ते मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या कपाळात अनुभवले आहे, म्हणून लिहितो.

मी स्फोटके बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी केली. १९७९ मध्ये रुजू झालो तेव्हा पहिली काही वर्षे नायट्रोग्लिसरीनच्या विभागात होतो. हाच पदार्थ डायनामाइटमध्ये असतो आणि हाच हृदयविकाराच्या औषधातही असतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तो कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जातो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही कानशिलांत ठोके पडू लागले. खाली वाकलो की डोळ्यांमागे हातोडा मारल्यासारखे होई आणि चेहरा लालबुंद दिसे. विभागातले जुने लोक हसून म्हणाले, 'गुरुवारपर्यंत थांब.' आणि खरोखरच चौथ्या दिवशी डोकेदुखी गेली. मला वाटले, सुटलो. रविवारची साप्ताहिक सुट्टी झाली, सोमवारी कामावर आलो आणि दुपारी तेच ठोके परत. गुरुवारी पुन्हा आराम, सोमवारी पुन्हा कळ.

या दुखण्याला जगभरच्या डायनामाइट कारखान्यांत 'सोमवारची डोकेदुखी' हेच नाव होते. काही देशांतले कामगार सुट्टीच्या दिवशीही टोपीच्या आतल्या पट्टीला किंचित नायट्रोग्लिसरीन लावून ठेवत, म्हणजे सवय मोडणार नाही आणि सोमवार सुखाचा जाईल. आमच्याकडे असा उद्योग करायची कोणाची हिंमत नव्हती, कारण दरवाज्यावर झडती कडक असे. पण कामाचा सदरा घरात आणायचा नाही, मागच्या पडवीत खुंटीवरच ठेवायचा, असा नियम माझ्या पत्नीने केला होता. तो सदरा हाताळला की तिचेही डोके दुखत असे, आणि सुरुवातीला मला ते तिचे निमित्त वाटायचे.

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सवय झालेल्या कामगारांपैकी काहींच्या छातीत कळ यायची ती कामावर नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी किंवा सोमवारी सकाळी. अशा कारखान्यांत, हृदयाच्या रोहिण्यांत फारसा दोष नसतानाही, अचानक मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. शरीराने सततच्या पुरवठ्याविरुद्ध आवळण्याची जी तयारी केलेली असते, ती पुरवठा थांबल्यावर एकदम उघडी पडते. म्हणून कोयनाकाठ, आपल्या वडिलांनी गोळी अचानक बंद करून पावडर घ्यावी, हा विचार मला फार धोकादायक वाटतो. रोजची ठरलेली सुट्टी वेगळी आणि औषध एकदम तोडणे वेगळे.

मुळा_मेथी यांचे उत्तर

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तेव्हा पावडरीचा प्रश्न माझ्याकडे घेते. डब्यातल्या दोन घटकांची कथा अगदी वेगवेगळी आहे. एकाच झाकणाखाली आल्यामुळे ती एक वाटते.

एल-आर्जिनिनमागचा युक्तिवाद असा असतो की आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो, म्हणून आर्जिनिन जास्त खाल्ले की तोही जास्त बनेल. ऐकायला हे सरळ वाटते, पण आपल्या रक्तात आणि पेशींत आर्जिनिनचा तुटवडा सहसा नसतोच. मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे बिघडते ते विकराचे काम. त्याला लागणारा एक साहाय्यक रेणू ऑक्सिडीभवनाने निकामी होतो, आणि मग तेच विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवू लागते. भट्टीत बिघाड असताना अंगणात लाकडाचा ढीग वाढवून काही होत नाही.

आपल्या वडिलांच्या बाबतीत याहून महत्त्वाचा एक प्रयोग सांगते. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर आर्जिनिनची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना नेहमीच्या उपचारांबरोबर दिवसातून तीन वेळा ३ ग्रॅम आर्जिनिन दिले, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, हृदयाची ताकद वाढली नाही, आणि आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणीत आणखी रुग्ण घेणे तिथेच थांबवण्यात आले. संख्या लहान असल्याने ते मृत्यू आर्जिनिनमुळेच झाले असे ठामपणे म्हणता येत नाही, परंतु हृदयरोग्याने ही पावडर घरच्या घरी सुरू करू नये, एवढे सांगायला ही चाचणी मला पुरेशी वाटते.

बीटची गोष्ट मात्र खरी आहे, आणि मजेशीरही. बीट, पालक, माठ, मुळा, मेथी यांत नायट्रेट (गोळीतले औषध नव्हे, साधे क्षाररूपी नायट्रेट) भरपूर असते. ते आतड्यातून रक्तात जाते, आणि त्याचा सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी रक्तातून ओढून पुन्हा तोंडात आणतात. जिभेच्या मागच्या भागातल्या खाचांत राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, ते लाळेबरोबर गिळले जाते, आणि पोटातल्या आम्लात व पुढे रक्तवाहिन्यांत त्याचा काही भाग नायट्रिक ऑक्साइड बनतो. हे काम माणसाच्या पेशी करू शकत नाहीत. ते जिभेवरच्या भाडेकरूंनाच करावे लागते. म्हणून जंतुनाशक द्रवाने रोज दोनदा चुळा भरणाऱ्यांमध्ये ही साखळी मधेच तुटते. निरोगी माणसांनी आठवडाभर तसे केले तेव्हा त्यांचा रक्तदाब दोन-तीन मिलिमीटरने चढलेला आढळला. दातांच्या डॉक्टरांनी काही दिवसांसाठी तो द्रव सांगितला असेल तर अवश्य वापरावा; केवळ ताजेपणासाठी वर्षभर वापरायचे कारण मला दिसत नाही.

लंडनमध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उच्च रक्तदाबाच्या ६० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत निम्म्यांनी चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बीटचा रस घेतला आणि उरलेल्यांनी नायट्रेट काढून टाकलेला रस, तेव्हा पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी साडेसात-आठ मिलिमीटरने उतरला. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत तो पुन्हा मूळ जागी गेला. कोयनाकाठ, हे शेवटचे वाक्य आपल्या डॉक्टरांच्या वाक्याशी जोडून पाहा. या वायूचा साठा होत नाही. आज खाल्लेले बीट पुढच्या महिन्याच्या कामाला येत नाही.

म्हणून रसाऐवजी मी बीटची कोशिंबीर, मुळ्याचा पाला, माठाची भाजी असे सांगते. रसात साखर एकवटते, आणि वडिलांना मधुमेह असेल तर ते सोयीचे नाही. पालेभाजी उकडून पाणी ओतून देण्याची रीत असेल तर नायट्रेटचा मोठा भाग मोरीत जातो, कारण ते पाण्यात विरघळते. भाजी वाफवावी किंवा तेच पाणी आमटीत घालावे. पूर्वी मूतखडा झाला असेल तर पालक आणि बीट बेताने घ्यावेत, त्यांत ऑक्झलेट बरेच असते. आणि बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नये. गेल्या वर्षी त्याच कारणाने एक आजोबा माझ्याकडे पहाटे सहाला दूरध्वनी करून रडले होते.

यातले काहीही गोळीच्या जागी नाही, गोळीच्या बरोबरीने आहे.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पावडरीचा डबा आजच बाजूला ठेवला. दोन शंका उरल्या आहेत. रात्री औषध ओसरलेले असते, तर नेमके तेव्हाच छातीत दुखले तर काय करायचे? वडिलांच्या उशाशी जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळ्या असतात, पण 'नायट्रेटची सुट्टी' चालू असताना ती घेतलेली चालेल का, या विचाराने आई गोंधळली आहे. दुसरे असे की, सकाळच्या गोळीनंतर वडिलांचे डोके तासभर जड होते. जुनी_पाळी काकांचे लिखाण वाचून ते म्हणाले, 'म्हणजे मीही डायनामाइटच्या कारखान्यात कामाला आहे म्हणा की.'

औषधखिडकी यांचे उत्तर

मी औषधनिर्माता आहे आणि वीस वर्षे काउंटरवर उभा राहिलो आहे. पहिल्या शंकेचे उत्तर निःसंदिग्ध आहे: छातीत दुखले तर जिभेखालची गोळी कोणत्याही वेळी घ्यायची. सुट्टी असते ती रोजच्या ठरलेल्या गोळीला. संकटातल्या गोळीला सुट्टी नसते. उलट रात्री वाहिन्या ताज्या झालेल्या असल्याने ती तेव्हा चांगलीच लागू पडते. घेताना वडिलांनी बसावे, उभे राहू नये, कारण पायांकडच्या नीला रुंदावून रक्त खाली उतरते आणि भोवळ येऊ शकते. गोळी गिळू नये, जिभेखाली विरघळू द्यावी. पाच मिनिटांत दुखणे कमी झाले नाही किंवा वाढत गेले, तर वाट न पाहता १०८ ला दूरध्वनी करावा. दुखणे वारंवार रात्रीच येत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या वेळेसाठी दुसऱ्या जातीचे औषध योजता येते.

डोके जड होणे म्हणजे डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावल्याची खूण आहे. बहुतेकांना ती काही दिवसांत कमी होते. सहन होत नसेल तर मात्रा डॉक्टरांनी बदलावी. डोके दुखते म्हणून सकाळची गोळी अधूनमधून गाळणारे पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांची डोकेदुखी कधीच जात नाही. कारण काकांनी सांगितले आहे: त्यांचा दर दुसरा दिवस सोमवार असतो.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्या नायट्रेटबरोबर कदापि चालत नाहीत. नायट्रिक ऑक्साइडमुळे तयार झालेला सायक्लिक जीएमपी मोडून टाकणारे विकर त्या रोखतात. एकीकडून नळ सोडायचा आणि दुसरीकडून मोरी बुजवायची, असा प्रकार होतो आणि रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. अशी गोळी घेतली असेल तर सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. इस्पितळात छातीत दुखते म्हणून गेल्यावर हे लपवले तर डॉक्टरांच्या हातून नकळत अपाय होतो. काउंटरवर ही औषधे मागणारे गृहस्थ आवाज इतका खाली आणतात की दुसरे कोणते औषध चालू आहे हे विचारायचीच चोरी होते. मी तरीही विचारतो.

शरीरक्रिया_शिक्षक

औषधखिडकी यांनी विषय काढलाच आहे तर जोडून सांगतो की नायट्रेटच्या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड निघतो आणि त्याने ग्वानिलेट सायक्लेजला चालना मिळते, हे फेरिड मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवले होते. म्हणजे अंतःस्तर तोच वायू बनवतो हे कळण्याच्या दहा वर्षे आधी. विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीन छातीच्या दुखण्यावर १८७९ मध्ये वापरले होते, तेव्हा औषध हाती आल्यापासून ते का चालते हे कळेपर्यंत जवळपास शंभर वर्षे गेली. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. मोंकाडा त्यात नव्हते, आणि माझ्या मते ती त्या वर्षीची मोठी उणीव होती, पण हा वाद इथे वाढवत नाही.

वडिलांसाठी एक अधिक उपयोगाची गोष्ट सांगतो. अंतःस्तर स्वतःहून नायट्रिक ऑक्साइड बनवू लागावा याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्यावरून रक्त जोराने वाहू देणे. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्याच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटे घट्ट आवळून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. अडलेले रक्त लोंढ्यासारखे धावते आणि ध्वनिलहरींच्या (सोनोग्राफीच्या) पडद्यावर दंडाची रोहिणी एका मिनिटाच्या आत रुंदावताना दिसते. मागच्या वेळी ३.६ मिलिमीटरची रोहिणी आमच्यासमोर ३.९ झाली. त्याच वर्गातल्या, रोज सिगारेट ओढणाऱ्या एका मुलाची रोहिणी जेमतेम हलली. तो मुलगा पडद्याकडे बराच वेळ बघत बसला होता. हा प्रयोग घरी कोणी करू नये. पण वेगाने चालताना हेच घर्षण आपसूक वाढते, आणि नियमित चालणाऱ्यांच्या अंतःस्तरात हे विकरच अधिक प्रमाणात तयार होऊ लागते. किती आणि कोणत्या वेगाने चालायचे ते वडिलांच्या डॉक्टरांनी ठरवावे. जेवल्यावर लगेच आणि थंडीत पहाटे चालू नये. दोन्ही वेळी हृदयावर वेगळा ताण असतो.

कोयनाकाठ

वरील सर्व मजकूर कागदावर उतरवून वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. आईने गोळ्यांच्या डबीवर 'दुपारी ३' असे लाल शाईने लिहिले असून मोबाइलमध्ये गजर लावला आहे, त्यामुळे झोपेतून उठवण्याचा दोष आता तिच्याकडे येत नाही. डॉक्टरांना दूरध्वनी करून चालण्याचे विचारले. सकाळी नऊनंतर, सपाट रस्त्यावर वीस मिनिटे, असे त्यांनी सांगितले आहे. काल संध्याकाळी वडील जिन्याच्या पहिल्या वळणावर न थांबता वर आले. पावडरीचा डबा परत द्यायचा आहे, पण नातेवाइकांना काय सांगायचे हे अजून ठरलेले नाही.